इंजिन बदलाचे काम उक्ते द्यावे की हिशेबाने?

बेलहाउसिंग (लातूर)

सर्वांना नमस्कार. जुन्या जीप, जिप्सी आणि ॲम्बेसेडर गाड्यांची इंजिने बदलून बसवण्याचे काम मी लातूरमध्ये करतो. या व्यवसायातला एक प्रश्न मला सतत छळतो आणि तो माझ्या एकट्याचा नसावा, म्हणून हा धागा काढत आहे.

गिऱ्हाईक दारात येते तेव्हा त्याच्या मनात एकच आकडा पक्का असतो आणि तो इंजिनाच्या किमतीचा असतो. त्यावर पाचपंचवीस हजार मजुरी धरली की काम झाले, अशी त्याची समजूत असते. अलीकडे पूर्ण झालेल्या एका कामाचा हिशेब गिऱ्हाइकाच्या परवानगीने येथे मांडतो. जुनी पेट्रोल जीप होती आणि तिच्यात दुसऱ्याच कंपनीच्या प्रवासी गाडीचे दोन लिटरचे डिझेल इंजिन बसवायचे होते. इंजिन त्यांनी स्वतः भंगारातून ५५,००० रुपयांना आणले होते. ते उघडल्यावर सिलिंडरचा बोअर झिजलेला निघाला, त्यामुळे बोअरिंग, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, डिझेल पंप आणि नोझल मिळून ३८,००० लागले. जीपच्या गिअरबॉक्सला हे इंजिन जोडण्यासाठी अडॅप्टर प्लेट करून घ्यावी लागली. ती आणि क्लचचा संच धरून २१,०००. चेसिसवर नवे फाउंडेशन बांधण्याचे ९,०००. इंजिनाचा सम्प, म्हणजे खालचे तेलाचे पात्र, पुढच्या ॲक्सलला अडत होता, म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून मागे घ्यावे लागले. साहजिकच मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड, पुढचा लांब आणि दोन्ही बॅलन्स करून घेण्याचे ८,०००. रेडिएटर, पंखा आणि होज पाइपचे १४,०००, वायरिंग, मोठी बॅटरी आणि मीटरचे १६,०००, सायलेन्सरचे ६,०००, वाढलेल्या वजनासाठी ब्रेकच्या कामाचे ७,००० आणि मजुरी ४०,०००. बेरीज २,१४,००० रुपये होते, म्हणजे एकूण खर्चात इंजिनाचा वाटा जेमतेम पाव हिश्शाचा ठरला.

गिऱ्हाईक भला माणूस आहे, त्याने पैसे दिले. परंतु शेवटचा हप्ता देताना त्याचा चेहरा मला आवडला नाही. आता माझा प्रश्न असा आहे की, असे काम उक्ते घ्यावे की झालेल्या खर्चाच्या हिशेबाने? उक्ते सांगायचे तर बुडू नये म्हणून आकडा फुगवावा लागतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दारात जाते. हिशेबाने करायचे तर प्रत्येक बोल्टमागे संशय उभा राहतो. आपले अनुभव कळवावेत.

दुधनाकाठ (जालना)

हिशेब वाचला. चहाचे पैसे कोठे दाखवले आहेत?

बेलहाउसिंग (लातूर)

ते मजुरीत आहेत आणि मजुरी कमी पडण्याचे ते एक प्रमुख कारण आहे.

खामनदी (छत्रपती संभाजीनगर)

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहितो, कारण या धाग्यावर ती बाजू कोणी मांडेल असे दिसत नाही.

माझ्या जिप्सीत डिझेल इंजिन बसवण्याचे काम मी एका गॅरेजला उक्ते दिले होते. आकडा ठरला, अर्धी रक्कम इसार म्हणून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी गाडी पूर्ण खोलून ठेवली. त्यानंतर दर आठवड्याला एक नवी अडचण निघू लागली. आधी रेडिएटर पुरत नव्हता, मग स्टार्टर बसत नव्हता, मग चेसिस कापावी लागणार होती, आणि प्रत्येक अडचणीबरोबर एक नवा आकडा येत होता. गाडी खोललेली असताना मालक कोठे जाणार? ती दुसरीकडे न्यायची तर टेंपोत भरून न्यावी लागते आणि दुसरा मिस्त्री पहिल्याच्या कामाला हात लावत नाही. ठरलेल्या रकमेच्या दीडपट पैसे देऊन गाडी बाहेर काढली.

सर्वांत गंभीर गोष्ट गाडी हातात आल्यावर समजली. ब्रेक दगडासारखा घट्ट लागत होता. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये थ्रॉटलमुळे व्हॅक्यूम तयार होतो आणि ब्रेकच्या पेडलला जोर देणारा बूस्टर त्यावर चालतो. डिझेल इंजिनाला तो व्हॅक्यूम नसतो, त्यासाठी अल्टरनेटरवर किंवा इंजिनावर वेगळा पंप लागतो. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती हे खरे, परंतु ती मला ठाऊक असणे अपेक्षितच नाही. ती ज्याला ठाऊक असते त्याच्याकडे आपण जातो आणि त्यासाठीच पैसे देतो.

तेव्हा बेलहाउसिंग, तुमच्या हिशेबात मला खोट दिसत नाही, पण एक विचारतो. यातला किती भाग तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होता? सम्प ॲक्सलला अडेल की नाही, हे टेप लावून पाहता येत नव्हते का?

थाऊमीटर (वाळूज)

खामनदी यांचा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर वाटते तितके सोपे नाही. मी वाळूजच्या एका कारखान्यात टर्नर होतो आणि निवृत्तीनंतर घरच्या लेथवर अशा अडॅप्टर प्लेटा करून देतो. बाहेरून टेप लावून जे दिसते ते लांबी-रुंदीचे असते. ज्याने गाडी पुढे मोडते ते टेपने दिसत नाही.

प्लेट म्हणजे एक जाड पत्रा, त्याला इकडे इंजिनाची भोके आणि तिकडे बेल हाउसिंगची, म्हणजे क्लचवरच्या कवचाची, भोके पाडली की झाले, अशी पुष्कळांची समजूत आहे. प्रत्यक्षात क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत आला पाहिजे. त्यासाठी फ्लायव्हीलवर डायल गेज लावून क्रँक हाताने फिरवायचा आणि बेल हाउसिंगच्या बोअरवर काटा किती हलतो ते पाहायचे. पूर्ण फेऱ्यात पाच थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत काटा राहिला तर मी प्लेट पास करतो. त्याहून जास्त हलला तर आधी पायलट बेअरिंग ओरडते, मग इनपुट शाफ्टचे सील गळून क्लच प्लेट तेलकट होते आणि काही महिन्यांनी गिअर उडू लागतो. तेव्हा गिऱ्हाईक म्हणते की गिअरबॉक्स खराब दिला. गिअरबॉक्स चांगलाच होता. दोष जोडाची जागा पक्की धरणाऱ्या डॉवेल पिनच्या जागेत होता. तो सुधारण्यासाठी मध्य बाजूला सरकवलेल्या, म्हणजे ऑफसेट डॉवेल घालाव्या लागतात आणि त्या आपल्याकडच्या बाजारात सहसा तयार मिळत नाहीत.

ज्या दुकानात चार हजारांत प्लेट करून मिळते, तेथे डायल गेज आहे का, एवढेच विचारून पाहावे.

आता माझा प्रश्न. जीपच्याच कंपनीने त्या काळी डिझेल जीपही काढल्या होत्या आणि त्यांचे बेल हाउसिंग जुन्या मालात सापडते. मग दुसऱ्या कंपनीचे इंजिन कशासाठी घातले? २१,००० मधले निम्मे आणि फाउंडेशनचे बहुतेक सगळे वाचले असते.

बेलहाउसिंग (लातूर)

काका, हेच मी त्यांना पहिल्या दिवशी सांगितले होते. परंतु इंजिन आधीच घेऊन झाले होते आणि भंगारवाला परत घेत नव्हता. पंचावन्न हजार वाचवण्यासाठी पुढचे पन्नास हजार खर्च झाले, असे मी त्यांच्या तोंडावर म्हणालो नाही, येथे म्हणतो.

खामनदी यांना उत्तर: सम्प, रेडिएटर, शाफ्ट हे पहिल्या दिवशी माहीत होते आणि मी ते सांगितलेही होते. बोअर, पंप आणि क्लच मात्र उघडल्याशिवाय कळत नाहीत. सांगितलेली गोष्ट आणि ऐकलेली गोष्ट यांच्यात जे अंतर पडते, ते मला धाग्यातून समजून घ्यायचे आहे. मी तोंडी सांगितले होते. लेखी काही नव्हते.

पाचवा_गिअर (नांदेड)

काकांच्या पाच थाऊवर बोलण्याची माझी पात्रता नाही, पण एक शंका आहे. हरियाणातल्या मंडी डबवालीला बदल करून बांधलेल्या जीपचे व्हिडिओ पाहून मी माझ्या जीपमध्येही डिझेल इंजिन बसवून घेतले. ओढ उत्तम आहे, पण सत्तरच्या पुढे इंजिन इतके ओरडते की शेजारी बसलेल्याशी बोलता येत नाही. मिस्त्री म्हणतो इंजिन बरोबर आहे. मग चूक कोणाची?

थाऊमीटर (वाळूज)

कोणाचीही नाही, गणिताची आहे. तुमच्या जीपचा डिफरन्शियल जुना असेल तर त्याचा रेशो बहुधा ५.३८ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्ट पाच फेऱ्यांहून अधिक फिरतो. सहाशे-सोळाच्या टायरचा व्यास साधारण ७२ सेंटीमीटर धरा. टॉप गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाइतकाच फिरतो, म्हणून इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर चाक सुमारे ५५८ फेरे घेते आणि गाडी ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास पोचते. पेट्रोल इंजिन त्याच्या वर मोकळेपणाने फिरते, जुने डिझेल तेथेच दमते. वेग हवा असेल तर ४.८८ चा संच शोधावा लागेल. त्याच फेऱ्यांत ८३ मिळतील. फोर व्हील ड्राइव्ह असल्यास पुढचा आणि मागचा असे दोन्ही संच बदलावे लागतात, नाहीतर दोन ॲक्सल एकमेकांना ओढतात.

हा खर्च कोणत्याही कोटेशनमध्ये नसतो, कारण गिऱ्हाइकाने वेग मागितलेला नसतो. त्याने ‘ताकद’ मागितलेली असते.

बालाघाट (बीड)

मी शेतकरी माणूस, मला थाऊ समजत नाही पण रुपया समजतो. बेलहाउसिंग यांच्या जीपचा हिशेब मी दुसऱ्या बाजूने मांडून पाहिला.

पेट्रोल जीप लिटरला आठ आणि डिझेल बारा देते असे धरू. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये धरले तर किलोमीटरमागे पेट्रोलला १३ रुपयांच्या वर आणि डिझेलला साडेसात रुपयांच्या वर खर्च येतो. फरक साडेपाच रुपयांच्या आत. २,१४,००० रुपये वसूल व्हायला साधारण ३९ हजार किलोमीटर जीप चालवावी लागेल. आमच्याकडे जुनी जीप बाहेर निघते ती पोळ्याला, लग्नाच्या वरातीला आणि निवडणुकीत. या वेगाने नातवाच्या लग्नापर्यंत वसुली होईल.

तेव्हा ‘ॲव्हरेजसाठी इंजिन बदलतो’ म्हणणाऱ्याला मिस्त्रीने आधी वर्षाचे किलोमीटर विचारावेत. हौस असेल तर हौसेचे म्हणून सांगावे; हौसेला हिशेब लावू नये आणि हिशेबाला हौस लावू नये.

रेडिएटरबद्दल मात्र मी मिस्त्रीच्या बाजूने आहे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. हिवाळ्यात ट्रायल घेऊन दिलेली गाडी उन्हाळ्यात घाटात उभी राहते आणि मग भांडण लागते. चाळीसगावकडून औट्रम घाट चढून कन्नडला आलेली जीप बोनेटमधून वाफ सोडताना मी पाहिली आहे. मालक मिस्त्रीला फोनवर बोलत होता आणि त्यातला एकही शब्द येथे लिहिण्यासारखा नव्हता.

मांजरा_पूर (लातूर)

बालाघाट यांचे पटले. थोडे जोडतो. रेडिएटर मोठा लावला तरी पंखा त्याच्यापासून वीतभर मागे असेल आणि त्याला आच्छादन नसेल, तर पंखा इंजिनातलीच गरम हवा फिरवत बसतो. माझ्या गाडीला केवळ पत्र्याचे आच्छादन केल्यावर तापमानाचा काटा खाली आला. खर्च रेडिएटरच्या दहाव्या हिश्शाएवढा आला.

कलम_बावन्न (नांदेड)

सर्वजण पाना आणि लेथ यांवर चर्चा करत आहेत, परंतु ज्या खर्चाला वरची मर्यादाच नाही तो अजून कोणी मांडलेला नाही. तो कागदांचा आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात हीच गोष्ट स्पष्टपणे सांगितली. इंधन बदलण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची सोय त्याच कलमात आहे, परंतु भंगारातून आणलेले दुसऱ्या कंपनीचे डिझेल इंजिन हे किट नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. त्याच्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडीवर कर्ज असेल तर बदलाला वित्तपुरवठादाराची लेखी संमतीही लागते.

विम्याचा मुद्दा त्याहून जड आहे. न नोंदवलेला बदल असलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी पहिला आक्षेप तेथेच घेते. समोरच्या माणसाचा जीव गेला असेल तर भरपाईचा बोजा शेवटी मालकावर येऊ शकतो. दोन लाख चौदा हजारांच्या खाली ही ओळ लिहिण्यासाठी जागा ठेवावी.

पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि तेव्हा गाडी तपासणीला न्यावी लागते. त्या नूतनीकरणाचे मोटारीसाठीचे शुल्क २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आले. निरीक्षक बोनेट उघडून इंजिनाचा नंबर वाचतो. बेलहाउसिंग, त्या जीपच्या कागदांचे काय केले?

बेलहाउसिंग (लातूर)

वकीलसाहेब, प्रश्न वर्मावर आहे. ती जीप मालकाच्या शेताच्या कुंपणाबाहेर काढणार नाही, असे त्यांनी मला लिहून दिलेले आहे.

दुधनाकाठ (जालना)

मराठवाड्यातल्या झाडून सगळ्या डिझेल जीप शेतातच धावतात असे गॅरेजवाले सांगतात. एवढे मोठे शेत कोणाकडे आहे ते कळवावे, मला थोडे वाट्याने करायचे आहे.

कलम_बावन्न (नांदेड)

दुधनाकाठ हसवत आहेत, पण मुद्दा तोच आहे. त्या लिहून दिलेल्या कागदाने गॅरेजला थोडा आडोसा मिळेल. गाडी महामार्गावर आली तर मालकाला त्याचा काही उपयोग नाही. ‘आरटीओचे आम्ही बघून घेतो’ असे जे मिस्त्री सांगतात, त्यांच्याकडून ते वाक्य बिलावर लिहून घ्यावे. कोणी लिहून देत नाही.

गोदावरी_गॅस (परभणी)

इंजिन न बदलता इंधन बदलण्याच्या कामात अपेक्षांचा घोळ काही कमी नाही, हे सांगण्यासाठी लिहितो. मी सीएनजी किट बसवतो. कागदांच्या बाबतीत आमचा मार्ग सरळ आहे. २०२२ पासून ठरावीक वजनाच्या आतील बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही मान्यताप्राप्त किट बसवता येते; किट त्या मॉडेलसाठी मंजूर असले पाहिजे, नोंदणी प्रमाणपत्रावर इंधनाची नोंद झाली पाहिजे आणि विमा कंपनीला कळवून किटची नोंद पॉलिसीवर करून घेतली पाहिजे.

गिऱ्हाइकाला किटची किंमत तोंडपाठ असते. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून दाखला घ्यावा लागतो, हे सांगितले की तो म्हणतो, ‘हे आधी का नाही सांगितले?’ आधी सांगितले तर म्हणतो, ‘शेजारच्याने तर कधी केली नाही.’ साठ लिटरच्या सिलिंडरमध्ये नऊ-दहा किलोच गॅस मावतो, हे ऐकून अनेकांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. डिकी जाते, मागचे स्प्रिंग बसतात, ओढ साधारण दहा टक्क्यांनी कमी होते आणि पंपावर रांग असते. हे सगळे सांगूनही माणूस किट बसवतो आणि आठ दिवसांनी फोन करून विचारतो की चढावर गाडी का दमते.

मी आता एक करतो. या सर्व गोष्टी एका कागदावर छापल्या आहेत. गिऱ्हाइकाने तो कागद माझ्यासमोर मोठ्याने वाचायचा, मग सही करायची. नुसती सही केली की लोक विसरतात. स्वतःच्या आवाजात वाचले की लक्षात राहते. भांडणे पुष्कळ कमी झाली.

तेरणाकाठ (धाराशिव)

जुन्या गाडीला विजेची मोटार बसवण्याचा कोणाला अनुभव आहे का? माझ्या ॲम्बेसेडरचे इंजिन गेले आहे.

गोदावरी_गॅस (परभणी)

तेथेही नियम तसाच आहे. एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-तपासणी संस्थेकडून तपासलेले किट लागते आणि ते ज्या मॉडेलसाठी मंजूर आहे त्यालाच बसवता येते. ॲम्बेसेडरसाठी मंजूर किट कोण देतो ते आधी शोधा, मगच बॅटरीच्या किमतीवर बोला. खर्चाचा मोठा भाग बॅटरीचाच असतो.

थाऊमीटर (वाळूज)

तेरणाकाठ, इंजिन गेले म्हणजे काय झाले आहे? क्रँक मोडला आहे की नुसता धूर देत आहे? ॲम्बेसेडरचे १,४८९ सीसीचे इंजिन असेल तर ते बोअर करून, क्रँक ग्राइंड करून, नवे बेअरिंग घालून पुन्हा उभे राहते. फाउंडेशन, शाफ्ट, रेडिएटर, कागद यांतल्या कशालाही हात लागत नाही. लोक ‘इंजिन बदला’ म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा त्यांना ‘इंजिन बांधा’ म्हणायचे असते. बदलण्याचा आकडा ऐकण्याआधी बांधण्याचा आकडा घ्यावा.

तेरणाकाठ (धाराशिव)

धूर देत आहे आणि तेल खात आहे. क्रँक शाबूत आहे. मग मी आधी हेड उघडून घेतो. आभारी आहे, काका.

खामनदी (छत्रपती संभाजीनगर)

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण बेलहाउसिंग यांना उत्तर अजून मिळालेले नाही.

उक्ते की हिशेबाने, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. माझी तक्रार जास्त पैशांबद्दल नव्हती. गाडी खोलल्यानंतर आकडे बदलले आणि तेव्हा मला नाही म्हणण्याची सोय उरली नव्हती, ही तक्रार होती. म्हणून कामाचे दोन तुकडे करावेत. पहिला तुकडा फक्त पाहणीचा: इंजिन बाकावर घेऊन उघडायचे, बोअर आणि क्रँक मोजायचे, चेसिसमध्ये इंजिनाचा रिकामा ब्लॉक (मुख्य सांगाडा) ठेवून सम्प, स्टिअरिंग आणि रेडिएटर यांची जागा तपासायची. या पाहणीचे ठरावीक पैसे गिऱ्हाइकाने आधी द्यावेत आणि काम पुढे करो वा न करो, ते परत मागू नयेत. तोवर गाडी चालू स्थितीत राहावी. पाहणीनंतर दुसऱ्या तुकड्याचा लेखी आकडा द्यावा आणि तो उक्ता असावा. त्यानंतर निघालेली अडचण मिस्त्रीच्या डोक्यावर.

पाहणीचे दहा-पंधरा हजार मी आनंदाने दिले असते. मला तेव्हा कोणी मागितलेच नाहीत.

थाऊमीटर (वाळूज)

बऱ्याच अंशी मान्य, एका ठिकाणी नाही. इंजिन आणि गाडीच्या ज्या जोड्या मिस्त्रीने आधी बसवल्या आहेत, त्यांच्यासाठी पाहणीचे वेगळे पैसे घेणे बरोबर नाही. तेथे त्याने सरळ उक्ता आकडा द्यावा, कारण प्लेटचे माप त्याच्याकडे भिंतीवर लिहिलेले असते. नवीन जोडी असेल तर मात्र गिऱ्हाईक मिस्त्रीच्या शिकण्याचाही खर्च देत असतो आणि तो सगळा त्याच्यावर टाकणे अन्यायाचे आहे. पहिल्या प्लेटचे चुकलेले तुकडे मी कोणाच्या बिलात धरत नाही.

बालाघाट (बीड)

आमच्याकडे विहिरीचे काम असेच देतात. मातीपर्यंत उक्ते, खडक लागला की हाताप्रमाणे. खडक कोठे लागेल ते कोणी सांगू शकत नाही, पण लागल्यावर दर काय असेल ते आधीच ठरलेले असते. उघडल्याशिवाय न कळणाऱ्या गोष्टींचे दर तुम्ही आधी लिहून द्या: बोअरिंग लागले तर इतके, पंप लागला तर इतके, क्रँक लागला तर इतके. मग निघाले ते निघाले.

बेलहाउसिंग (लातूर)

सर्वांचे आभार. यापुढे कोटेशन कसे द्यायचे ते बरेचसे ठरले आहे, ते लिहितो.

ओळखीच्या जोडीला उक्ता आकडा. अनोळखी जोडीला आधी पाहणी, खामनदी म्हणतात तशी, आणि तोवर गाडी खोलायची नाही. न दिसणाऱ्या कामांचे दर बालाघाट यांच्या विहिरीसारखे वेगळे लिहिलेले. गिऱ्हाइकाने स्वतः आणलेले इंजिन घ्यायचे असेल तर त्याची खरेदीपावती आणि मूळ गाडीच्या कागदाची प्रत लागेल, कारण चोरीचा ब्लॉक माझ्या दारात सापडायला नको. शिवाय त्या इंजिनाची हमी माझी नाही, फक्त जोडणीची माझी. वर्षाचे किलोमीटर आणि हवा असलेला वेग हे दोन प्रश्न सर्वांत वर. रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर आधी तिचे मूळ इंजिन बांधण्याचा आकडा मी सांगणार आणि दुसऱ्या कंपनीचे इंजिन घालण्यास नाही म्हणणार. यात माझी काही कामे जातील, पण वकीलसाहेबांनी सांगितलेल्या ओळीला माझ्याकडे उत्तर नाही.

कागद मोठ्याने वाचून घेण्याची परभणीकरांची युक्ती करून पाहणार आहे.

पाचवा_गिअर (नांदेड)

एक राहिले. जुने काढलेले इंजिन कोणाचे? माझे मिस्त्रीने ठेवून घेतले आणि मजुरीत वळते केले असे म्हणाला. मजुरी मात्र तेवढीच होती.

कलम_बावन्न (नांदेड)

गाडीच्या मालकाचे. आणि ते विकू नये. नोंदणी प्रमाणपत्रावर त्याचाच नंबर आहे. उद्या गाडी पूर्ववत करून पासिंगला न्यायची वेळ आली तर तोच ब्लॉक लागणार. मिस्त्रीकडे अजून असेल तर आजच मागून आणा.

पाचवा_गिअर (नांदेड)

आताच फोन केला. गेल्या दिवाळीत भंगारात दिले म्हणतो. कोणत्या भंगारवाल्याला ते विचारले आहे, उद्या सकाळी जाऊन पाहतो.

बेलहाउसिंग (लातूर)

जाताना आरसी बुक बरोबर न्या आणि ब्लॉकवरचा नंबर खरवडून स्वतः वाचून घ्या. भंगारवाला जो दाखवेल तोच तुमचा असे समजू नका. मिळाला तर हेड आणि पिस्टन नसले तरी चालेल, ते नंतर जमवता येतात. कोटेशनच्या कागदात मीही ही ओळ घालतो: काढलेले इंजिन त्याच दिवशी मालकाने घेऊन जावे.